तिसरा रकाना : यकृताच्या तपासणीतील ‘नॉर्मल’चा इतिहास

चिखलीतल्या साने चौकात, मोरे वस्तीत किंवा घरकुलाच्या आसपास रक्त तपासून घेतले, की जो कागद हाती येतो त्याला तीन रकाने असतात. पहिल्यात तपासणीचे नाव असते : बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन. दुसऱ्यात आपला आकडा. तिसऱ्यात आडव्या रेघेने जोडलेले दोन आकडे. आपला आकडा या दोहोंच्या बाहेर पडला तर तो ठळक छापला जातो. वाचणारा चाकणच्या पेंटशॉपमधला कामगार असो की महाविद्यालयातला प्राध्यापक, तो दुसरा रकाना तिसऱ्याशी ताडून पाहतो आणि ‘नॉर्मल आहे’ असे म्हणून कागदाची घडी करतो.

साहित्याच्या अभ्यासकाला या तिसऱ्या रकान्यात रस वाटायला हरकत नाही, कारण तो कर्ता नसलेला मजकूर आहे. ‘एसजीपीटी ४० पर्यंत’ हे विधान कोणी केले, कोणाकडे पाहून केले, केव्हा केले, याचा त्यात कुठेही उल्लेख नसतो. एका प्रयोगशाळेच्या कागदावर ही मर्यादा ४० असते, दुसरीच्या ४५, तिसरीच्या त्याहूनही अधिक. कुठे स्त्रीपुरुषांसाठी वेगळी, कुठे दोघांना मिळून एकच. चिखलीपासून देहू हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या गाथेच्या पाठभेदांवर आपल्याकडे विद्वानांनी हयात घालवली. या पाठभेदांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. आणि माणसाचे औषध चालू राहणार की थांबणार, हे यांच्यावर ठरते.

आधी शब्दाविषयी थोडे. आजच्या मराठीत काळीज म्हणजे हृदय. ते तुटते, त्याला भेगा पडतात, त्याचा ठोका चुकतो. पण मटणाच्या दुकानात ‘कलेजी’ मागितली तर हाती येते ते यकृत. दोन्ही शब्द एकाच कुळातले, आणि मूळ अर्थ यकृताचाच. म्हणजे भाषेने हा शब्द शरीरात जरा वर सरकवला. वैद्यकाच्या इतिहासात याच्या नेमका उलटा प्रवास घडला आहे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जॉन लाड्यू, फेलिक्स रोब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी दाखवून दिले की हृदयविकाराचा झटका आल्यावर रक्तातले ट्रान्सअमिनेज नावाचे विकर वाढते. पेशी मेल्या की त्यांच्या आतली विकरे रक्तात उतरतात, हे त्यामागचे साधे तत्त्व. एसजीओटी ही तपासणी अशी हृदयासाठी जन्माला आली. पुढच्या एक-दोन वर्षांतच लक्षात आले की यकृताला सूज आली असता हे विकर कितीतरी अधिक वाढते, आणि त्याचे भावंड असलेले एसजीपीटी तर प्रामुख्याने यकृतातच असते. हृदयाला पुढे इतर, अधिक नेमक्या तपासण्या मिळाल्या. ही जोडगोळी यकृताच्या नावावर चढली ती कायमचीच.

त्याच १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढल्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषध येथे घडू लागले. शरीर मोजायची पट्टी मात्र येथे घडली नाही. या योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये हे खरे, तरी तो नोंदवावासा वाटतो.

पट्टी कशी आली? १९५७ मध्ये राइटमन आणि फ्रँकेल यांनी रंगाच्या गडदपणावरून ट्रान्सअमिनेज मोजण्याची स्वस्त रीत प्रसिद्ध केली. तिला महागडे यंत्र लागत नसे, त्यामुळे साधनांची चणचण असलेल्या प्रयोगशाळांना ती परवडली. पण तिची एकके कार्मेनच्या एककांशी जुळत नव्हती. विकराची क्रियाशीलता तपमानावर अवलंबून असते. २५ अंश सेल्सिअसला मोजलेला आकडा आणि ३७ अंशांना मोजलेला आकडा यांत बराच फरक पडतो. ३७ अंशांवरची आंतरराष्ट्रीय संदर्भपद्धती प्रसिद्ध व्हायला २००२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात ‘नॉर्मल’ हा आकडा पद्धतीसोबत, यंत्रासोबत आणि शेवटी रसायनांच्या डब्यात घडी करून ठेवलेल्या पत्रकासोबत प्रवास करत राहिला. ते पत्रक जिथे छापले जाई तिथल्या माणसांचे रक्त त्या आकड्यामागे असे, आणि तो आकडा जिथे वापरला जाई तिथली माणसे वेगळी असत. आजही लहान प्रयोगशाळेच्या तिसऱ्या रकान्यातला आकडा बहुधा याच पत्रकावरून उतरवलेला असतो. स्वतःचा आकडा काढण्याइतका वेळ, पैसा आणि निरोगी माणसे तिच्याजवळ नसतात.

निरोगी माणसे नसतात, हे विनोदाने लिहिलेले नाही. ‘नॉर्मल’ ठरवायचे तर आधी नॉर्मल माणूस हवा, आणि तो नॉर्मल आहे हे कशावरून, तर तपासणी नॉर्मल आहे यावरून. हे चक्र वैद्यकाला फार उशिरा बोचू लागले. एकोणिसाव्या शतकात केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने ‘सरासरी माणूस’ कल्पिला आणि त्याला जवळजवळ आदर्शाचे स्थान दिले. सरासरी आणि आदर्श यांची ही गल्लत फ्रान्समध्ये जॉर्ज काँगिलेम यांनी १९४३ च्या आपल्या प्रबंधात उकलून दाखवली. फुको वाचणाऱ्यांना हे नाव परिचयाचे असेल. प्रयोगशाळेच्या जगात मात्र ती उकल तत्त्वज्ञानाच्या वाटेने आली नाही. फिनलंडमधले राल्फ ग्रेसबेक आणि निल्स-एरिक सारिस यांनी १९६९ मध्ये सुचवले की ‘नॉर्मल मूल्य’ हा शब्दच टाकून द्यावा आणि त्याजागी ‘संदर्भमूल्य’ म्हणावे. अमुक निकषांनी निवडलेल्या अमुक माणसांत हा आकडा या दोन टोकांच्या मध्ये आढळला, एवढेच विधान करावे. त्यापलीकडे आरोग्याचा दाखला देऊ नये. पुढे त्याचे नियम ठरले. प्रत्येक गटात किमान १२० माणसे घ्यावीत, आकडे चढत्या क्रमाने मांडावेत, दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून द्यावेत आणि मधले ९५ टक्के म्हणजे संदर्भ-मर्यादा मानावी. म्हणजे व्याख्येनेच वीस निरोगी माणसांतला एक मर्यादेबाहेर पडणार. एकाच कागदावर परस्परांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या असतील, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा तरी आकडा ठळक छापला जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. ग्रेसबेकचा शब्द कागदावर आला, ‘बायोलॉजिकल रेफरन्स इंटरव्हल’ असे त्या रकान्याच्या माथ्यावर छापलेले असते. बोलण्यात तो आला नाही. आपण अजून नॉर्मलच म्हणतो, आणि डॉक्टरही तेच म्हणतात.

मग सोपा उपाय सुचतो : परक्यांची पट्टी टाकावी, आपली करावी. मला या उपायाची बाजू घ्यावीशी वाटते. पण त्याचा भारतातला इतिहास ठाऊक असल्यास ती जपून घ्यावी लागते. १९०८ मध्ये कलकत्ता मेडिकल कॉलेजातले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनी बंगाली माणसांच्या रक्ताची आणि लघवीची मापे घेऊन एक प्रबंधिका प्रसिद्ध केली. युरोपीय पाठ्यपुस्तकांतले आकडे बंगाल्यांना लागू पडत नाहीत, हा तिचा निष्कर्ष होता. विशेषतः नत्राचे उत्सर्जन युरोपीय प्रमाणापेक्षा फारच कमी होते. एवढ्यावर ही कहाणी थांबली असती तर मॅके हे स्थानिक संदर्भमूल्यांचे आद्य पुरस्कर्ते ठरले असते. पण त्या वेळी अमेरिकेत चिटेंडन सांगत होते की माणसाला प्रथिने निम्म्यानेही पुरतात, आणि मॅकेंना बंगाली देहात त्याचे खंडन सापडले. पाहा, इतक्या कमी प्रथिनांवर जगणारी ही जमात कशी दुर्बळ, निरुत्साही राहते, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९१२ च्या त्यांच्या पुस्तकात तो हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या समाजांची पौरुषाच्या उतरंडीवर मांडणी करण्यापर्यंत गेला. आकडा बहुधा खराच होता. त्यातून निघालेले वाक्य साम्राज्याचे होते. उलट बाजूनेही धोका होताच : ‘बंगाल्याला एवढेच लागते’ असे कोणी त्या आकड्यावरून म्हटले असते, तर दारिद्र्यालाच प्रमाणाचा दर्जा मिळाला असता. उपासमार मोजून तिला ‘स्थानिक नॉर्मल’ म्हणणे कठीण नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या हाफकिन संस्थेत साहिब सिंग सोखी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रीपुरुषांच्या हिमोग्लोबिनची आणि रक्तपेशींची मापे घेतली, कलकत्त्याला नेपियर आणि दासगुप्ता यांनीही घेतली. तेव्हापासून हा प्रश्न भारतीय प्रयोगशाळांच्या मानगुटीवर बसला आहे : जे आढळते ते, की जे असायला हवे ते?

यकृताच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या औद्योगिक पट्ट्यात अगदी व्यवहाराच्या रूपाने उभा राहिला. चिखलीला लागूनच भोसरीची औद्योगिक वसाहत. तेथे ‘जी’ ब्लॉकमध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. १९९२ मध्ये ती स्थापन झाली, आणि आता तिच्या नावात विषाणुविज्ञानाचीही भर पडली आहे. भारतातली एचआयव्हीविरोधी लसीची पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी २००५ मध्ये याच संस्थेत सुरू झाली. लसीच्या पहिल्या टप्प्यातल्या चाचणीला निरोगी स्वयंसेवक लागतात. निरोगी म्हणजे कोण, हे ठरवणाऱ्या तपासण्यांत यकृताची विकरे असतातच, आणि लस टोचल्यावर अपाय झाला की नाही हेही अंशतः त्यांच्यावरून पाहिले जाते. अशा चाचण्यांत अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या एड्स विभागाचा तक्ता सर्रास वापरला जातो. त्यात अपायाची पहिली पायरी एसजीपीटी वरच्या मर्यादेच्या सव्वापट झाल्यावर सुरू होते, दुसरी अडीचपटीवर, तिसरी पाचपटीवर, चौथी दहापटीवर. तक्ता स्वतः मर्यादा सांगत नाही. ती स्थानिक प्रयोगशाळेच्या तिसऱ्या रकान्यातून घ्यायची. ती मर्यादा ४० असेल तर अपाय ५० पासून मोजला जाईल, ३० असेल तर साडेसदतीसपासून. रक्त तेच आणि माणूसही तोच. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत लसचाचण्यांच्या तयारीसाठी दोन हजारांहून अधिक निरोगी प्रौढांची मापे घेऊन ती २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दिसले की अमेरिकन मर्यादा लावल्या असत्या तर कितीतरी धडधाकट माणसे आजारी ठरून बाद झाली असती, आणि टोचण्याआधीच ‘अपाय’ झालेली निघाली असती.

स्वयंसेवक बाद होणे हे त्यातले किरकोळ नुकसान. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एड्सच्या रुग्णांना मोफत औषधे द्यायला सुरुवात केली. त्या सुरुवातीच्या वर्षांत नेव्हिरापीन हे त्यांतले प्रमुख औषध होते आणि ते यकृताला जाचत असे. क्षयाच्या औषधांचेही तसेच आहे. यकृताची लक्षणे असतील तर एसजीपीटी मर्यादेच्या तिप्पट झाल्यावर, लक्षणे नसतील तर पाचपट झाल्यावर ती औषधे थांबवावीत, असे २००६ चे अमेरिकन मार्गदर्शन सांगते. तिप्पट कशाच्या? पुन्हा तिसरा रकाना. ४० ला धरले तर १२०, ३० ला धरले तर ९०. शंभरावर आलेल्या रुग्णाचे क्षयाचे औषध एका कागदानुसार चालू राहते आणि दुसऱ्या कागदानुसार थांबते. औषध विनाकारण थांबले तर क्षय बळावतो; थांबवायला हवे असताना चालू राहिले तर यकृत निकामी होऊ शकते. पाठभेद म्हटले ते यासाठी.

क्वचित स्थानिक वेगळेपण निरुपद्रवीही असते. बिलिरुबिन किंचित वाढलेले, बाकी सारे ठीक, अशी अवस्था फ्रेंच वैद्य गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये वर्णन केली. ती आनुवंशिक असते, भारतीयांत तिचा जनुकीय प्रकार बराच आढळतो आणि तिच्यावर उपचार लागत नाहीत. गंमत अशी की उपवासाने हे बिलिरुबिन आणखी वाढते. देहू-आळंदीच्या टापूत एकादशीच्या दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त देणारा असा एखादा वारकरी कागदावर काविळीचा रुग्ण दिसू शकेल. तिसऱ्या रकान्याला एकादशी माहीत नसते.

आपली पट्टी करण्याचे काम महाराष्ट्रात नेटाने झाले ते मुंबईला, हिंदुजा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. टेस्टर अशावैद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये भारतीय लोकसंख्येसाठीच्या संदर्भ-मर्यादांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे याच प्रयोगशाळेने कियोशी इचिहारा या जपानी संशोधकाच्या पुढाकाराने चाललेल्या जागतिक प्रकल्पात भाग घेतला आणि २०१८ मध्ये निरोगी भारतीयांसाठी ३३ रासायनिक घटकांच्या मर्यादा मांडल्या. या प्रकल्पाची एक युक्ती मला फार मार्मिक वाटते. माणूस वरकरणी निरोगी असला तरी त्याच्या आकड्यांत लपलेला आजार असू शकतो. म्हणून एका तपासणीची मर्यादा काढताना, त्याच माणसाच्या संबंधित इतर तपासण्या बिघडलेल्या असतील तर त्याला त्या हिशेबातून वगळायचे. मग नव्या मर्यादा लावून पुन्हा वगळायचे. असे आकडे स्थिरावेपर्यंत करत राहायचे. वर ज्या चक्राचा उल्लेख केला त्यातून सुटका नाही हे मान्य करून त्यालाच कामाला लावण्याचा हा प्रकार आहे.

लपलेल्या आजाराची ही शंका अनाठायी नव्हती. २००२ मध्ये मिलानमध्ये दानिएले प्राती आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच रक्तदान करणाऱ्या ६८३५ जणांचे आकडे तपासले. एसजीपीटीची तिथली रूढ मर्यादा पुरुषांना ४०, स्त्रियांना ३० होती. तिच्यामागचे ‘निरोगी’ निवडले गेले त्या काळात ‘क’ प्रकारच्या काविळीचा विषाणू ठाऊकच नव्हता. तो १९८९ मध्ये ओळखला गेला. आणि यकृतात साचणाऱ्या चरबीकडे कोणी आजार म्हणून पाहत नव्हते. प्रातींनी जाडी, साखर, मेद आणि औषधे यांच्या दृष्टीने निर्धोक असलेली माणसेच निवडली, तेव्हा मर्यादा पुरुषांत ३० वर आणि स्त्रियांत १९ वर आली. जुना नॉर्मल आजाऱ्यांना पोटात घेऊन बसला होता. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शनाने पुरुषांना २९ ते ३३ आणि स्त्रियांना १९ ते २५ ही वरची मर्यादा मानली.

जाडी वगळून निर्धोक माणूस सापडतो, हे मिलानमध्ये ठीक. पुण्यात तेवढ्यावर भागत नाही, आणि हे दाखवणारे काम पुण्यातच झाले आहे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एक छायाचित्र छापून आले : पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही तक्त्याप्रमाणे सडपातळ. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. याज्ञिकांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि बालकांचा अभ्यास केला आहे. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले; साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. ही बाळे स्नायूंत बारीक होती, त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने राखून होती. काटकुळी दिसणारी माणसे मधुमेह आणि मेदयुक्त यकृत यांच्या वाटेवर जन्मापासून असू शकतात, असे त्यातून दिसू लागले. मग अशाच बारीक, तक्रार नसलेल्या माणसांच्या रक्तावरून आपण स्थानिक पट्टी केली, तर मॅकेच्या काळचाच प्रश्न नव्या रूपात येतो. तेव्हा अन्नाची वाण नॉर्मल ठरण्याचा धोका होता. आता पोटातली चरबी नॉर्मल ठरण्याचा आहे. दोन्हींच्या मुळाशी आईच्या पोटातले कुपोषण असावे, हा याज्ञिकांच्या मांडणीतला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग.

आणि स्थानिक म्हणजे कुठले? टाळगाव चिखली १९९७ मध्ये महानगरपालिकेत आली. आजच्या चिखलीत मूळ गावकऱ्यांच्या शेजारी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेली कुटुंबे आहेत, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कामगार आहेत. कोणाच्या बालपणात दुष्काळ आहे, कोणाच्या ताटात भात, कोणाच्या रोज संध्याकाळी दारू. कारखान्यांतल्या वार्षिक वैद्यकीय तपासणीचे आकडे हाताशी आहेत, ते वापरावेत असा मोह होईल. पण कामावर टिकून असलेला माणूस मुळातच निवडून आलेला असतो, जो आजारी पडला तो गावी परतलेला असतो. आणि रंगकामातली विद्रावके यकृताला भावतात असे नाही. शिवाय त्या आकड्यांत स्त्रिया फार थोड्या असणार.

नियमाप्रमाणे काम करायचे तर १२० पुरुष आणि १२० स्त्रिया लागतील. प्रत्येकाची ‘ब’ आणि ‘क’ काविळीची चाचणी, साखर, मेद आणि पोटाची सोनोग्राफी करावी लागेल, कारण नुसत्या वजनावर विसंबता येत नाही. दारू पिणारे वगळावेत, रोज गोळ्या घेणारे वगळावेत, सोनोग्राफीत चरबी दिसेल ते वगळावेत. पंधरा वर्षे रात्रपाळी केलेल्या, तक्रार काही नसलेल्या माणसाला वगळावे की ठेवावे, हे नियमात लिहिलेले नाही. ते ठरवणाऱ्याला ठरवावे लागेल. तोवर मोरे वस्तीतल्या एखाद्या बाईंचा एसजीपीटी ३२ आला, तर तो साध्या ठशात छापला जाईल, आणि त्या कागदाची घडी करून ठेवतील.